पांढरीची वाढ आणि काळीचे रक्षण

गावाची जमीन पूर्वापार दोन नावांनी ओळखली जाते. जेथे घरे बांधून माणसे राहतात ती पांढरी, आणि जेथे नांगर चालतो ती काळी. काळीवर पांढरी जगते आणि पांढरीतील माणसांच्या श्रमाने काळी पिकते. या दोहोंचा मेळ टिकतो तोपर्यंत गाव सुस्थितीत राहते. गेल्या काही दशकांत मात्र अनेक गावांची पांढरी जुनी हद्द ओलांडून काळीत शिरली आहे. आणि ती कोठे व किती शिरावी हे बहुधा कोणी ठरविलेले नसते. ज्याला घर हवे असते तो आपल्या वाटणीच्या शेतात, सडकेला लागून, स्वतःच्या सोयीने घर बांधतो. एका घराने फारसे बिघडत नाही. परंतु वीस वर्षांत अशी दीडशे घरे उभी राहिली म्हणजे गावालगतची उत्तम विहीरबागायत जमीन तुकड्यातुकड्यांनी संपलेली असते. पायाखाली गेलेली जमीन पुन्हा पिकाखाली आणणे जवळजवळ अशक्य असते.

शेतकरी विहीर खोदण्यापूर्वी पाण्याचा अंदाज घेतो आणि फळबाग लावण्यापूर्वी दहा-पंधरा वर्षांचा विचार करतो. गावाच्या वस्तीची वाढ ही त्याहूनही दीर्घ मुदतीची गोष्ट आहे. तिची आखणी निदान पुढील २० वर्षांची असावी. अशी आखणी गावातच, गावातील नोंदींच्या आधारे कशी करता येते, याचा विचार येथे केला आहे.

आकडे काय सांगतात

१९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची ग्रामीण लोकसंख्या सुमारे २ कोटी ८४ लक्ष होती. २०११ च्या जनगणनेत ती सुमारे ६ कोटी १६ लक्ष झाली. पन्नास वर्षांत खेड्यांतील माणसे दुपटीहून अधिक झाली. याच सुमारास राज्यातील शेतजमिनीचे सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मधील ४.२८ हेक्टरांवरून २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टरांवर आले. बहुतेक गावांच्या गावठाणाच्या हद्दी मात्र ब्रिटिश अमदानीतील जमीन मोजणीच्या वेळी ठरलेल्या आहेत. माणसे वाढली, शेत लहान झाले आणि गावठाण आहे तेवढेच राहिले, अशी ही स्थिती आहे.

यापुढे लोकसंख्या पूर्वीच्याच वेगाने वाढेल असे मात्र नाही. २००१ ते २०११ या दहा वर्षांत राज्याच्या ग्रामीण भागात वाढ सुमारे १० टक्के झाली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातील दर स्त्रीमागे सरासरी अपत्यसंख्या १.७ आढळली. लोकसंख्या आहे तेवढी टिकण्यास ती सुमारे २.१ असावी लागते. यावरून काही गावकारभारी असा निष्कर्ष काढतात की, आता घरांसाठी नव्या जागेची चिंता करण्याचे कारण उरले नाही. हा निष्कर्ष चुकीचा आहे.

माणसे नव्हे, चुली मोजाव्यात

घराची गरज माणसांच्या संख्येवर ठरत नाही, ती चुलींच्या संख्येवर ठरते. आईबाप आणि तीन विवाहित मुलगे एकत्र राहतात तेव्हा घर एक असते. वाटण्या झाल्या की त्याच माणसांच्या तीन किंवा चार चुली होतात. माणूस एकही वाढलेला नसतो, पण जागा तिप्पट लागते. एकत्र कुटुंबे विभागली जात आहेत आणि कुटुंबातील माणसांची संख्या घटत आहे; म्हणून लोकसंख्या स्थिर असलेल्या गावातही घरांची मागणी वाढत राहते.

दुसरी गोष्ट अशी की, वीस वर्षांनी घर मागणारा माणूस आजच जन्मलेला आहे. आज पाच वर्षांचे असलेले मूल तेव्हा पंचवीस वर्षांचे होईल. म्हणजे पुढील वीस वर्षांच्या मागणीचा मोठा भाग आज अंगणवाडीच्या नोंदवहीत व शाळेच्या पटावर लिहिलेला आहे. तो वाचण्यासाठी तज्ज्ञाची गरज नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्याने घरोघर जाऊन पुढील चार प्रश्न विचारावेत व उत्तरे एका वहीत नोंदवावीत :

१. या घरात आज चुली किती आहेत?
२. वीस वर्षांच्या आतील मुले व मुली किती आहेत, आणि त्यांपैकी कितीजण गावातच राहतील असे घरच्यांना वाटते?
३. घर किती जुने आहे, आणि ते दुरुस्त होण्यासारखे आहे की पाडून बांधावे लागेल?
४. जनावरे किती आहेत, आणि गोठा घराजवळ आहे की शेतात?

या वहीची पडताळणी ग्रामपंचायतीच्या कर आकारणी नोंदवहीशी, जन्ममृत्यूच्या नोंदींशी आणि शिधापत्रिकांच्या संख्येशी करावी. २०२१ ची जनगणना झाली नाही व पुढील जनगणना २०२७ साठी अधिसूचित झालेली आहे. त्यामुळे २०११ च्या आकड्यांवर विसंबून न राहता गावाने स्वतःची मोजणी करणे अधिक श्रेयस्कर होय.

प्रत्येक गावाची गत निराळी

सर्व गावांना एकच प्रमाण लावू नये. २००१ ते २०११ या काळात पुणे जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ३० टक्क्यांनी वाढली. त्याच काळात रत्नागिरी जिल्ह्याची सुमारे ५ टक्क्यांनी व सिंधुदुर्ग जिल्ह्याची सुमारे २ टक्क्यांनी घटली. कोकणातील ज्या वाड्यांत घरांना कुलपे आहेत तेथे नव्या गावठाणापेक्षा जुन्या घरांची दुरुस्ती, सामाईक मालकीचे वाद मिटविणे आणि पाणीपुरवठा यांस प्राधान्य द्यावे. औद्योगिक वसाहतीजवळच्या किंवा महामार्गावरील गावात बाहेरून येणाऱ्या भाडेकऱ्यांचाही हिशेब धरावा. मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांच्या गावांत मोजणी हिवाळ्यात केल्यास निम्मी घरे बंद आढळण्याचा संभव असतो. तेथे मोजणी श्रावण-भाद्रपदात, म्हणजे कामगार कारखान्यांकडे जाण्यापूर्वी करावी. कुलूप असलेले घर म्हणजे गाव सोडून गेलेले कुटुंब नव्हे.

हिशेबाचे एक उदाहरण

समजा, एका गावाची लोकसंख्या १,५०० आहे आणि दर चुलीमागे सरासरी ५ माणसे आहेत. म्हणजे चुली ३०० झाल्या. दर दहा वर्षांस १० टक्के वाढ धरली तर वीस वर्षांनी लोकसंख्या १,८१५ होईल. या काळात चुलीमागे माणसे ५ वरून ४ वर आली, तर चुली सुमारे ४५४ होतील. माणसे २१ टक्क्यांनी वाढली, पण चुली ५१ टक्क्यांनी वाढल्या. म्हणजे १५४ नवी घरे लागतील.

आता जागेचा हिशेब पाहू. ज्याच्या दारात जनावरे आहेत त्याला सुमारे दोन गुंठे आणि इतरांना एक गुंठा जागा धरली, व दोन्ही प्रकारची कुटुंबे सारखीच मानली, तर सरासरी दीड गुंठा पडते. १५४ घरांस २३१ गुंठे लागतील. रस्ते, गटारे, मोकळी जागा, शाळेचे मैदान, पाण्याची टाकी व धान्य वाळविण्याचे सामाईक खळे यांसाठी एकूण जागेच्या ४० टक्के भाग राखून ठेवला, तर एकूण जागा ३८५ गुंठे, म्हणजे ९ एकर २५ गुंठे होते. दहा एकरांत गावाची वीस वर्षांची सोय होऊ शकते.

आखणी न करता हीच घरे सडकेच्या कडेने ज्याच्या त्याच्या शेतात बांधली गेली, तर घर, अंगण, वाट व पडीक राहणारा कोपरा धरून प्रत्येकी पाच गुंठे सहज जातात. तसे झाल्यास ७७० गुंठे, म्हणजे १९ एकर १० गुंठे जमीन खर्ची पडेल. शिवाय प्रत्येक घराची रुंदी ६० फूट धरली व घरे दोन्ही बाजूंस झाली, तर वस्ती सुमारे १.४ किलोमीटर लांब पसरेल. तेवढी लांब जलवाहिनी, तेवढे लांब गटार आणि तेवढे विजेचे खांब ग्रामपंचायतीस उभारावे व सांभाळावे लागतील. त्यांचा खर्च घरपट्टीतून निघत नाही, म्हणून शेवटची घरे वर्षानुवर्षे पाण्याविना व गटाराविना राहतात.

हे आकडे उदाहरणादाखल आहेत. आपल्या गावाचे आकडे घालून हाच हिशेब प्रत्येक ग्रामपंचायतीने करून पाहावा.

जागा कशी निवडावी

या बाबतीत निसर्गाने शेतकऱ्याची सोय करून ठेवलेली आहे. जी जमीन पिकाला हलकी, तीच घराला चांगली असते. खोल काळी जमीन पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. या हालचालीमुळे तिच्यावर बांधलेल्या घराच्या भिंती तडकतात. अशा जमिनीत पाया मुरमापर्यंत खोल न्यावा लागतो व खर्च वाढतो. याउलट मुरमाड माळावर पाया लवकर पक्का होतो आणि पाण्याचा निचराही चांगला होतो. तेव्हा जागा निवडताना ठिकठिकाणी तीन-चार फूट खोल खड्डे घेऊन मातीची जाडी पाहावी. हलकी व मुरमाड जमीन वस्तीसाठी, मध्यम व भारी जमीन पिकासाठी, असे गावाच्या नकाशावर रंगाने दाखवावे. हे काम कृषि खात्याच्या स्थानिक कर्मचाऱ्याने शेतकऱ्यांना बरोबर घेऊन करावे. कारण कोणत्या गटात माती किती खोल आहे हे जुन्या शेतकऱ्यांना उत्तम ठाऊक असते.

तथापि मुरमाड जमीन दिसली म्हणून ती वस्तीस योग्यच असते असे नाही. पुढील जागा वर्ज्य समजाव्यात :

ओढ्यानाल्याचे पात्र व त्याच्या पुराची जागा. नाला दहा वर्षे कोरडा असला तरी अकराव्या वर्षी तो आपली वाट मागतो.

डोंगराचा तीव्र उतार व त्याचा पायथा. पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण येथे ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळून सुमारे दीडशे माणसे मृत्यू पावली. रायगड जिल्ह्यात तळिये येथे जुलै २०२१ मध्ये आणि इर्शाळवाडी येथे जुलै २०२३ मध्ये असेच अनर्थ घडले.

विहिरींच्या, पाझर तलावांच्या व पिण्याच्या पाण्याच्या उद्भवाच्या वरच्या अंगाची जमीन. तेथील सांडपाणी झिरपून खाली विहिरीतच येते.

गायरान. जवळचे व सरकारी म्हणून गायरानाकडे प्रथम नजर जाते. परंतु ते गावच्या जनावरांचे चराऊ रान आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे दूर करण्याविषयी स्पष्ट निर्देश दिले आहेत. महसूल अधिकाऱ्यांच्या रीतसर आदेशाशिवाय तेथे एकही घर बांधू देऊ नये. तसे घर बांधणाऱ्या गरीब कुटुंबाचेच त्यात नुकसान होते.

लातूर-धाराशिवचा अनुभव

वस्तीची आखणी करताना शेतकऱ्याचे जीवन विसरल्यास काय होते, याचा धडा महाराष्ट्रास मिळालेला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे दगावली. दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची जड धाबी कोसळून माणसे झोपेतच गाडली गेली. त्यानंतर लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. कुटुंबाच्या जमिनीच्या प्रमाणात २५०, ४०० व ७५० चौरस फुटांची भूकंपरोधक घरे देण्यात आली. इतक्या मोठ्या आपत्तीनंतर हे काम पार पडले ही मोठीच गोष्ट होती.

परंतु त्यातून काही अडचणीही दिसून आल्या. नवी गावे जुन्या गावांपेक्षा पुष्कळ अधिक जागेवर पसरली व त्यांखाली पिकाची जमीन गेली. शहरी वसाहतीसारख्या सरळ रेषांत आखलेल्या रांगांमुळे जुने शेजार तुटले. कित्येकांचे शेत घरापासून दूर पडले. गोठा, कडबा व अवजारे यांसाठी लोकांना घराभोवती स्वतःच छपरे उभारावी लागली. शेतकऱ्याचे घर म्हणजे केवळ निजण्याची जागा नव्हे. ते त्याचे कोठार, गोठा व कामाचे ठिकाणही असते. ही गोष्ट आखणीच्या पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावयास हवी. आपत्ती नसताना, सवडीने व लोकांना विचारून केलेली आखणी म्हणूनच अधिक मोलाची ठरते.

रस्ता, पाणी व सांडपाणी

जुने बोळ बैलगाडीच्या बेताने झाले होते. आज ट्रॅक्टर, ऊस व धान्य वाहणारी ट्रक आणि वेळप्रसंगी रुग्णवाहिका दारापर्यंत यावी लागते. नव्या वस्तीतील मुख्य रस्ता ३० फूट व आतील रस्ते २० फुटांपेक्षा कमी नसावेत. शिवाराकडे जाणाऱ्या पाणंदी मोकळ्या ठेवून त्यांची हद्द आधीच खुणा करून पक्की करावी. घरे झाल्यावर रस्ता रुंद करणे म्हणजे भांडणास निमंत्रण होय.

पाण्याचा अंदाज २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनच्या माणशी दररोज ५५ लिटर या प्रमाणाने करावा. वरील उदाहरणातील गावास वीस वर्षांनी रोज सुमारे एक लक्ष लिटर पाणी लागेल, आणि जनावरांचे पाणी त्याहून वेगळे. गावचा उद्भव एप्रिल-मे महिन्यांत एवढे पाणी देतो काय, हे आखणीपूर्वीच तपासावे. देत नसेल तर नव्या वस्तीबरोबरच पाणलोटाची कामेही हाती घ्यावीत.

दर घरास दोन शोषखड्ड्यांचे शौचालय असावे व हे खड्डे पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून निदान ५० फूट दूर असावेत. भेगाळलेल्या खडकात हे अंतर आणखी वाढवावे. पावसाळी वारे नैऋत्येकडून येतात. म्हणून शेणखताचे उकिरडे वस्तीच्या पूर्वेस किंवा ईशान्येस एकत्र ठेवावेत. सांडपाणी ओढ्यात न सोडता त्यावर सामाईक परसबाग किंवा चाऱ्याचे गवत घ्यावे.

जमीन कोणाची जाणार?

सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे. दहा एकर जमीन कोणाच्या तरी मालकीची असते, आणि गावालगतच्या जमिनीस भाव अधिक असतो. ज्याची जमीन आखणीत येईल त्याला गाव एकाकी सोडील, तर आखणी कागदावरच राहील. म्हणून प्रथम सरकारी आकारी पड जमीन आहे काय ते पाहावे. नसेल तर खाजगी खरेदी, जमिनीची अदलाबदल किंवा २०१३ च्या भूसंपादन अधिनियमाप्रमाणे संपादन, हे मार्ग ग्रामसभेत उघडपणे चर्चिले जावेत. गावठाणाची हद्द ठरविण्याचा अधिकार महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १२२ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांस आहे. म्हणून ग्रामसभेचा ठराव, गट नकाशा, मोजणीची वही व मातीचा नकाशा जोडून प्रस्ताव तहसीलदारांमार्फत पाठवावा. बिगरशेती वापर व १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा यांत वेळोवेळी बदल झालेले आहेत. गुंठेवारीने जागा घेण्यापूर्वी चालू नियम ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडून, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्यांकडून, समजून घ्यावेत.

शेतात राहण्यास काही शेतकरी पसंती देतात. पिकाची राखण होते, जनावरांची निगा राखता येते, हे खरे आहे. अशांनी एकेकटे घर न बांधता दहा-पंधरा घरांची मळ्याची वस्ती मुरमाड जागी व पाणंदीलगत करावी. त्यामुळे पाणी, वीज व मुलांची शाळेची वाट यांची सोय करणे शक्य होते.

भूखंड वाटपात न्याय

जुन्या गावठाणाची रचना जातवार होती व काही समाजांना पांढरीच्या बाहेर ठेवले गेले होते. गावठाणाचा विस्तार ही तो अन्याय पुसण्याची संधी आहे. नव्या वस्तीत भूखंडांचे वाटप ग्रामसभेसमोर चिठ्ठ्या टाकून करावे व त्यात जातवार रांगा पडू देऊ नयेत. भूमिहीनांचा वाटा प्रथम बाजूस काढावा. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण या योजनेत घरास किमान २५ चौरस मीटर क्षेत्र ठरविलेले आहे. परंतु ज्याला जागाच नाही त्याला घराच्या अनुदानाचा उपयोग होत नाही. राज्य शासनाची पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना अशा कुटुंबांसाठी आहे. भूखंडाच्या कागदावर पतीबरोबर पत्नीचेही नाव लावावे.

टप्पे व फेरतपासणी

वीस वर्षांची आखणी म्हणजे सर्व जमीन आजच मोकळी करणे नव्हे. तिचे पाच-पाच वर्षांचे चार टप्पे पाडावेत. पहिल्या टप्प्यातील रस्ते व भूखंड प्रत्यक्ष आखून दगड रोवावेत. पुढील टप्प्यांची जमीन नकाशावर राखून ठेवावी आणि वेळ येईपर्यंत ती पिकाखाली किंवा चाऱ्याखालीच असू द्यावी. प्रत्येक नव्या ग्रामपंचायतीने आपल्या पहिल्या वर्षी चुलींची मोजणी पुन्हा करावी. अपेक्षेपेक्षा घरे कमी लागली, तर शेवटचा टप्पा रद्द करून ती जमीन काळीतच राहू द्यावी. त्यात आखणी फसली असे नव्हे, उलट जमीन वाचली असे समजावे. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाखाली आपल्या भागाची प्रादेशिक योजना झाली असल्यास गावाची आखणी तिच्याशी जुळते की नाही, हेही पाहावे.

येत्या श्रावणापूर्वी गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एक कोरी वही घ्यावी, घरोघर जाऊन चुली मोजाव्यात आणि तो आकडा ग्रामसभेपुढे ठेवावा. आज शाळेच्या पटावर असलेल्या मुलांना राहावयास घर आणि कसावयास शेत ही दोन्ही मिळावीत, अशी व्यवस्था करणे आजच्या पिढीच्या हाती आहे.